परार्धापलीकडची गणना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत भुवनेश्वर येथे दिलेले भाषण)



'महासंगणक आणि साधा संगणक' या विषयावर मी बोलावे, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी कला शाखेचा पदवीधर. उणीपुरी तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत फायलींवर टिप्पण्या लिहिण्यात गेली. विज्ञानाचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु गेल्या गणेशोत्सवात आरती आटोपल्यावर आपल्याच एका सभासदाच्या नववीतल्या मुलाने मला विचारले, "काका, आमच्या घरच्या लॅपटॉपपेक्षा महासंगणक किती पट मोठा असतो? आणि एवढ्या मोठ्या यंत्राचा आपल्याला उपयोग काय?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. नंतर काही महिने वाचन केले, जाणकारांना गाठले, आणि जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. मुलाच्या प्रश्नाचा पूर्वार्ध अंकगणिताचा आहे; उत्तरार्धाशी मात्र माझा, आणि आपल्यापैकी अनेकांचा, जिव्हाळ्याचा संबंध आहे. म्हणून आरंभ उत्तरार्धापासून करतो.

२९ ऑक्टोबर १९९९. जुन्या सभासदांना त्या दिवसाची आठवण करून देण्याचे कारण नाही, तरुणांसाठी सांगतो. मी नुकताच बदली होऊन या शहरी आलो होतो. कोजागिरीचे दूध होऊन पाचच दिवस लोटले होते आणि दिवाळी जेमतेम आठवड्यावर आली होती. वादळाची सूचना आकाशवाणीवरून दिली जात होती, हे मी मुद्दाम सांगतो. परंतु ते नेमके किती उग्र असेल, कोठे किनारा गाठील आणि किती वेळ ठाण मांडून बसेल, याची कल्पना आम्हां सामान्यांपैकी कोणालाही नव्हती. ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन ते पारादीपजवळ जमिनीवर आले. येथे भुवनेश्वरात रस्तोरस्ती वृक्ष उन्मळून पडले, दिवे गेले, नळ गेले, दूरध्वनी मुके झाले. तिकडे जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्रच गावांत शिरला. ओडिशात त्या वादळाने सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेतला.

आपले एक सभासद तेव्हा पारादीपला नोकरीस होते. पत्नी आणि दोन लहान मुली बरोबर. चार दिवस त्यांची काहीच वार्ता नव्हती. मंडळाची माणसे रोज संध्याकाळी एका घरी मेणबत्तीच्या उजेडात जमत. कोणी काही बोलत नसे. पाचव्या दिवशी ते चौघेही एका मालमोटारीतून, चिखलाने माखलेले, दारात येऊन उभे राहिले. थोरल्या मुलीने पहिल्याने पाणी मागितले. त्यांच्या शेजारची सगळीच कुटुंबे इतकी सुदैवी ठरली नव्हती. रात्री ते गृहस्थ मला एवढेच म्हणाले, "दोन दिवस आधी नेमके कळले असते, तर आम्ही सगळ्यांनाच घेऊन निघालो असतो."

'आधी' आणि 'नेमके' हे ते दोन शब्द. महासंगणकाचे सारे प्रयोजन, निदान माझ्यापुरते, त्या दोन शब्दांत साठवलेले आहे. आता पूर्वार्धाकडे, म्हणजे अंकगणिताकडे वळू.

संगणकाचे मोजमाप मुख्यतः दोन बाबतींत होते. एक त्याची गणनशक्ती, म्हणजे दशांशचिन्ह असलेल्या संख्यांच्या बेरजा-गुणाकार तो सेकंदाला किती करतो. दुसरी त्याची साठवण, म्हणजे किती अक्षरे वा आकडे तो जपून ठेवू शकतो. या मोजमापाची परिमाणे मेगा, गिगा, टेरा, पेटा, एक्झा अशी परकी नावे घेऊन येतात आणि आपण बिचकतो. वास्तविक आपल्याला बिचकण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे बाराव्या शतकात, एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, तेच हे भास्कराचार्य. मेगा म्हणजे दहा लाख. गिगा म्हणजे अब्ज. टेरा म्हणजे लाख कोटी. पेटा म्हणजे एकावर पंधरा शून्ये. लीलावतीत त्याला 'अंत्य' म्हटले आहे. आणि एक्झा म्हणजे एकावर अठरा शून्ये, अर्थात दहा परार्ध. भास्कराचार्यांची यादी जेथे संपते, तेथून आजच्या सर्वांत मोठ्या महासंगणकांचा हिशेब सुरू होतो.

आता एक चांगल्यापैकी घरगुती लॅपटॉप घ्या. त्याची गणनशक्ती कागदोपत्री सेकंदाला सुमारे दोनशे अब्ज धरू. ही केवढी शक्ती आहे? एखादा कारकून रजा न घेता, न झोपता, सेकंदाला एक याप्रमाणे गणिते करीत बसला, तर लॅपटॉपचे एका सेकंदाचे काम पुरे करण्यास त्याला सहा हजार तीनशे वर्षे लागतील. आपण ते यंत्र विजेचे बिल भरण्यास आणि नातवंडांची छायाचित्रे पाहण्यास वापरतो, हा भाग वेगळा.

आणखी एक गंमत पाहा. १९७६ साली अमेरिकेत सीमोर क्रे या अभियंत्याने घडवलेला 'क्रे-१' हा महासंगणक लॉस ॲलमॉसच्या प्रयोगशाळेत बसला. त्याचे वजन सुमारे साडेपाच टन, किंमत ऐंशी लाख डॉलरांच्या घरात, आणि गणनशक्ती सेकंदाला सोळा कोटी. म्हणजे त्या काळचा तो चमत्कार आपल्या मांडीवर मावणाऱ्या यंत्राच्या हजाराव्या भागाएवढाही नव्हता. यावरून ध्यानात येईल की 'महासंगणक' ही कायमची पदवी नव्हे. ज्या त्या काळी जे यंत्र सर्वांच्या पुढे असते ते महासंगणक. काल जे सिंहासनावर होते ते आज खिशात आहे.

मग आजचे महासंगणक कोठे आहेत? २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या देशात हवामानाच्या कामासाठी दोन यंत्रांचे लोकार्पण झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 'अर्क' आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात 'अरुणिका'. अर्कची शक्ती ११.७७ पेटा, म्हणजे आपल्या लॅपटॉपच्या जवळजवळ साठ हजार पट. अरुणिकेची ८.२४ पेटा. आणि जगात पाहाल तर अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेतील 'फ्रंटियर' या यंत्राने २०२२ साली एक्झाचा उंबरठा प्रथम ओलांडला. २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या जागतिक यादीत लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा 'एल कॅपिटन' १.७४२ एक्झा, म्हणजे सतरा परार्धांहून अधिक गती दाखवून पहिला आला.

साठ हजार पट हा आकडा कानावरून जातो, मनात उतरत नाही. म्हणून तो वेळेच्या भाषेत मांडतो. अर्क जे काम एका तासात करील, त्याला आपला लॅपटॉप पावणेसात वर्षे घेईल. हवामानाचा एखादा अंदाज काढण्यास अर्कला दोन तास लागले, असे समजू. तोच अंदाज लॅपटॉपवर काढू गेल्यास वादळ येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी हाती पडेल. आणि तो अगदी अचूक आला तरी त्याचा उपयोग केवळ श्राद्धापुरता! साधा संगणक हे गणित करूच शकत नाही असे नव्हे. वेळेत करू शकत नाही. सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला हा भेद समजावून सांगण्याची गरज पडत नाही. योग्य आदेश उशिरा निघाला की तो न निघाल्यासारखाच असतो.

परंतु ही शक्ती येते कोठून? माझी समजूत अशी होती की महासंगणकात कोणी एक अजस्र मेंदू असावा. तसे नाही. आजचा महासंगणक म्हणजे हजारो संगणकांची एक शिस्तबद्ध पंगत आहे. फ्रंटियरमध्ये असे नऊ हजारांवर गणनघटक आहेत, आणि त्यांतील एकेक घटक आपल्या लॅपटॉपहून कितीही थोर असला तरी त्याच्याच कुळातला आहे. आपल्या महाप्रसादाचे उदाहरण घ्या. पाचशे पाने मांडली आणि वाढपी एकच असला, तर शेवटच्या पानापर्यंत भात पोहोचेतो पहिल्या पानावरचे गृहस्थ हात धुऊन घरी गेलेले असतात. वाढपी पन्नास केले की काम झटक्यात होते. मात्र पन्नासही वाढपी भात शिजल्याशिवाय काही करू शकत नाहीत; आणि त्यांच्यात मेळ नसेल तर एका पानावर तीनदा वरण आणि दुसऱ्यावर मीठसुद्धा नाही, असा प्रकार होतो. जे काम अनेकांत वाटता येते तेथेच महासंगणकाचे चालते. एक पत्र टंकलिखित करायचे असेल, तर अर्क आणि लॅपटॉप यांत काडीचाही फरक पडणार नाही.

ही सामुदायिक गणनेची कल्पना यंत्रांच्याही आधीची आहे. लुइस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींच्या गाड्या चालवता चालवता, हाताने आकडेमोड करून, २० मे १९१० या गतदिवसाचे सहा तासांचे हवामान सूत्रांवरून काढून पाहिले. त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकले. पण मनुष्य खचला नाही. १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने एक स्वप्न रेखाटले. एका विशाल गोल सभागृहात चौसष्ट हजार माणसे बसली आहेत. प्रत्येकाकडे पृथ्वीच्या एका तुकड्याचे गणित आहे. आणि मध्ये उंचावर उभा असलेला संचालक, जे पुढे धावतात त्यांच्यावर एका रंगाचा प्रकाश टाकतो, जे मागे पडतात त्यांच्यावर दुसऱ्या रंगाचा. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राचा नव्हता, आकडेमोड करणाऱ्या माणसाचा होता. पुढे १९५० साली 'एनिॲक' या यंत्रावर चोवीस तासांचा अंदाज काढण्यात आला, तेव्हा त्यासाठी सुमारे चोवीसच तास लागले. अंदाज आणि हवामान यांची शर्यत बरोबरीत सुटली!

रिचर्डसनचा संचालक महत्त्वाचा आहे, आणि त्याचे कारण हवेच्या स्वभावात आहे. पृथ्वीचे पृष्ठ सुमारे एक्कावन्न कोटी चौरस किलोमीटर. त्यावर बारा-बारा किलोमीटरच्या चौकटी आखल्या तर सुमारे पस्तीस लाख घरे होतात. प्रत्येक घरावर वातावरणाचे थर. समजा साठ थर धरले, तर एकवीस कोटी कप्पे झाले. प्रत्येक कप्प्यात उष्णता, दाब, ओलावा, वाऱ्याची दिशा व वेग यांचे आकडे. दर काही मिनिटांनी हे सारे आकडे पुन्हा काढायचे, आणि असे दहा दिवस पुढे जायचे. यांतला कोणताही कप्पा स्वतंत्र नाही. शेजारच्या कप्प्यातली हवा त्यात शिरत असते. म्हणून प्रत्येक घटकाने दर पावलाला शेजाऱ्याची विचारपूस केली पाहिजे. येथेच महासंगणक आणि साठ हजार सुटे लॅपटॉप यांतला खरा फरक आहे. सुट्या लॅपटॉपांची बेरीज कागदावर तेवढीच भरेल. पण त्यांना एकमेकांशी क्षणोक्षणी बोलता येणार नाही. महासंगणकाचे निम्मे वैभव त्याला आतून जोडणाऱ्या अतिवेगवान तारांच्या जाळ्यात आहे.

आता चौकट बारा किलोमीटरऐवजी सहाची करा. घरे चौपट होतात. शिवाय काळाची पावलेही निम्मी करावी लागतात, नाहीतर गणित बिघडते. म्हणजे एवढ्या सुधारणेला शक्ती आठपट हवी. नजर दुप्पट तीक्ष्ण करायची, तर किंमत आठपट मोजावी लागते. पुण्याच्या संस्थेत विकसित झालेली, सहा किलोमीटरच्या चौकटीची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली, ती अर्कसारखे यंत्र हाताशी आले म्हणूनच.

आता साठवणीकडे वळतो. येथे माझ्या कचेरीतील अनुभव उपयोगी पडतो. आम्हा सरकारी नोकरांचे कागद चार ठिकाणी असतात. जी फाइल आत्ता पाहायची ती टेबलावर. चालू आठवड्याच्या फायली पाठीमागच्या कपाटात. गेल्या वर्षाच्या तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात. आणि त्याहून जुनी दप्तरे, पेशवे दप्तरातल्या रुमालांसारखी, फडक्यात बांधून कोठेतरी दूर. टेबल हाताशी, पण लहान. दप्तरखाना अफाट, पण तेथून कागद येण्यास दिवस जातो. संगणकाची व्यवस्था हुबेहूब अशीच आहे. गणन करणाऱ्या भागाला लागून अगदी थोडी पण अतिचपळ स्मृती, तिच्यापलीकडे कार्यस्मृती, त्यापलीकडे चकत्यांची कायम साठवण, आणि फार जुन्या माहितीसाठी आजही चुंबकीय फिती.

साठवणीच्या आकारासाठी मी माझ्या सोयीचे एक माप बनवले आहे, ते आपल्यालाही रुचेल. आपली ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची. आजच्या प्रचलित पद्धतीत संगणक देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट खर्च करतो. त्या हिशेबाने मूळ ओव्यांची संपूर्ण ज्ञानेश्वरी दोन मेगाबाइटांत सामावते. तर क्रे-१ या महासंगणकाची कार्यस्मृती आठ मेगाबाइट, म्हणजे केवळ चार ज्ञानेश्वऱ्या. आपल्या लॅपटॉपची कार्यस्मृती सोळा गिगाबाइट असेल, तर आठ हजार ज्ञानेश्वऱ्या. आणि त्याची कायम साठवण एक टेराबाइट असेल, तर पाच लाख. अर्कची साठवण तेहतीस पेटाबाइट: सोळाशे पन्नास कोटी ज्ञानेश्वऱ्या, पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला सुमारे दोन देता येतील इतक्या. फ्रंटियरची सुमारे सातशे पेटाबाइट. म्हणजे एक टेराबाइटचे सात लाख लॅपटॉप.

तथापि साठवण किती, एवढाच प्रश्न नसतो. ती किती चपळाईने पुढ्यात येते, हा खरा प्रश्न असतो. कल्पना करा, एखादा विलक्षण बुद्धिमान अधिकारी दहा मिनिटांत फाइल निकालात काढतो. पण ती फाइल तळमजल्यावरून आणण्यास शिपायाला तास लागतो. त्या अधिकाऱ्याची बुद्धी पन्नास मिनिटे छताकडे पाहण्यात जाते. गेली कित्येक दशके गणन करणाऱ्या भागांची गती जितकी वाढली, तितकी स्मृतीतून माहिती आणण्याची वाढली नाही. म्हणून महासंगणक बांधणाऱ्यांची निम्मी चिंता बुद्धीची नसते, शिपायाची असते! फ्रंटियरची साठवण अशी योजलेली आहे की आपल्या लॅपटॉपची सारी एक टेराबाइट ती एका सेकंदाच्या आत भरून टाकील.

एवढी साठवण लागते तरी कशासाठी? एक तर अंदाजाचे आकडेच प्रचंड. दुसरे, जुन्या वर्षांचे हवामान पुन्हापुन्हा तपासून आपले गणित कोठे चुकले ते पाहायचे असते. आणि तिसरे कारण मला फार आवडले. हजारो घटक एकत्र राबत असले की त्यांतला एखादा अधूनमधून बंद पडणारच. तेवढ्यासाठी सारे गणित वाया जाऊ नये म्हणून महासंगणक ठराविक वेळाने थांबून 'येथवर आलो' अशी संपूर्ण नोंद करून ठेवतो आणि बिघाड झालाच तर त्या नोंदीपासून पुढे चालू लागतो. बदली होऊन जाणारा चांगला अधिकारी मागच्यासाठी टिपण ठेवून जातो, त्यातलाच हा प्रकार.

आता थोडे आपल्या देशाविषयी, आणि आपल्या मातीविषयीही. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडे महासंगणक मागितला, तेव्हा अधिक शक्तीचे यंत्र देण्यास त्या देशाने नकार दिला. हवामानाच्या कामापुरते, कमी शक्तीचे एक क्रे यंत्र त्या दशकाच्या अखेरीस नवी दिल्लीत बसले. ज्या यंत्राने पावसाचे गणित होते, त्याच यंत्राने अण्वस्त्रांचेही होते, ही त्यामागची शंका. त्यातून १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची स्थापना झाली. तिची धुरा अकोला जिल्ह्यातील मुरंब्यासारख्या खेड्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांकडे आली. एकच अजस्र मेंदू बनवण्याच्या मागे न लागता बाजारात मिळणारे लहान प्रक्रियक जोडून, पंगतीच्या तत्त्वावर, १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. जी वाट तेव्हा गरजेपोटी धरली, त्याच समांतर गणनेच्या वाटेने पुढे सारे जग चालू लागले. पुण्यातच टाटांच्या संस्थेचा 'एका' हा महासंगणक २००७ च्या नोव्हेंबरात जागतिक यादीत चौथा आला होता. २०२४ साली पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे 'परम रुद्र' ही यंत्रे कार्यान्वित झाली. अभिमान वाटावा असेच हे आहे. मात्र अभिमानात हिशेब विसरू नये. अर्कच्या तुलनेत एल कॅपिटन सुमारे दीडशे पट पुढे आहे, आणि या यंत्रांतील मुख्य प्रक्रियक अजून बहुतांशी परदेशातून येतात.

आता पुन्हा या शहराकडे येतो. मधली वर्षे मी इतरत्र काढली आणि पुन्हा येथेच बदलून आलो. २०१९ चा एप्रिल संपत होता. १ मेच्या महाराष्ट्र दिनाची आपली तयारी झाली होती. मुलांच्या पोवाड्याची तालीम रंगात आली होती. तेवढ्यात 'फनी' वादळाचे अंदाज येऊ लागले. आणि या वेळी त्या अंदाजांत 'आधी'ही होते आणि 'नेमके'ही होते. ३ मेच्या सुमारास, पुरीच्या आसपास. कार्यकारिणीने ३० एप्रिलला कार्यक्रम रद्द केला. मुले रडली. आम्ही सभासदांची यादी घेऊन दूरध्वनी करीत बसलो. पुरीला असलेली आपली तीन कुटुंबे १ तारखेलाच येथे आणली. ओडिशा सरकारने सुमारे बारा लाख माणसे सुरक्षित जागी हलवली. ३ मेच्या सकाळी फनी पुरीजवळ किनाऱ्यावर आले. झाडे पुन्हा पडली, दिवे पुन्हा गेले, नुकसान अपार झाले. पण या राज्यातील मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वीस वर्षांपूर्वी तो दहा हजारांच्या घरात होता.

हे सारे महासंगणकाने केले, असे मी म्हणणार नाही. म्हटले तर ते असत्य होईल. उपग्रह होते, किनाऱ्यावर आश्रयगृहे बांधली गेली होती, गावोगावचे स्वयंसेवक होते, आणि १९९९ चा धडा न विसरणारे प्रशासन होते. त्यातून महासंगणकाचा अंदाज कधी चुकणारच नाही, असेही नाही. एडवर्ड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने १९६१ साली गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढीच संख्या घातली, आणि तेवढ्या फरकाने पुढचे सारे हवामान पालटून गेले. निसर्गाचे प्रारंभीचे आकडे आपल्याला कधीच पूर्ण ठाऊक नसतात. म्हणून यंत्र दुप्पट मोठे केल्याने अंदाज दुप्पट दिवसांचा होत नाही. जगाचा अनुभव असा की दर दशकाला साधारण एका दिवसाची भर पडते. एक दिवस! कित्येक पटींनी शक्ती वाढवून पदरात काय पडते, तर एक दिवस. ऐकताना हा सौदा महाग वाटतो. या यंत्रांना वीजही अफाट लागते; फ्रंटियर एकटे सुमारे वीस मेगावॉट खाते. अर्क आणि अरुणिका यांवर मिळून आठशे पन्नास कोटी रुपये खर्च झाले, हे वाचून माझ्यातला हिशेबनीस क्षणभर चपापला होता.

पण मग मला ती मालमोटार आठवते. दारात उभी राहिलेली, पाणी मागणारी ती मुलगी आठवते. ती आज दोन मुलांची आई आहे आणि या सभागृहात दुसऱ्या रांगेत बसली आहे, म्हणून मी तिचे नाव घेत नाही. त्या वेळी चार दिवस आम्हांला काही कळत नव्हते; या वेळी चार दिवस आधी कळले. एका दिवसाची किंमत किती, हे तिच्या वडिलांच्या शेजाऱ्यांना विचारायला हवे होते. ते विचारता येण्याची सोय आता राहिलेली नाही.

तेव्हा नववीतल्या माझ्या त्या मित्राला उत्तर असे. बाळ, शक्तीच्या हिशेबाने पुण्याचा अर्क तुझ्या लॅपटॉपच्या सुमारे साठ हजार पट आहे, साठवणीच्या हिशेबाने तेहतीस हजार पट. पण तो तुझ्या लॅपटॉपहून निराळ्या जातीचा नव्हे. त्याच्यासारख्याच अनेकांनी एकमेकांची विचारपूस करीत, एकाच कामाला, एकाच वेळी लागणे, हे त्याचे मोठेपण. आणि उपयोग म्हणशील, तर तुमचा पोवाडा २०१९ साली रद्द झाला होता, तो कोणामुळे, हे आता तुला कळले असेल.

पन्नास वर्षांपूर्वी या परक्या मुलखात मोजक्या मराठी घरांनी एकमेकांची विचारपूस करण्यासाठीच हे मंडळ काढले. ३० एप्रिलच्या रात्री अंदाज यंत्राने दिला होता, पण पुरीचे दूरध्वनी माणसांनी केले होते. सभासदांची ती यादी तेव्हा अद्ययावत होती, म्हणून तीनही घरे सापडली. आपण सर्वांनी या आठवड्यात आपापले पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक चिटणीसांकडे तपासून द्यावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.